गाठींचा पेड

सुगी जवळ आली की गाडीवाल्यांना दोर आठवतात. वर्षभर तुटक्याला तुटकं जोडून दिवस काढतील, आणि पीक कापायला आलं की सगळे एकाच आठवड्यात दोरवाल्याच्या दारात हजर. प्रत्येकाचं एकच, आमचं आधी. यंदा वीस जणांना शब्द दिला होता आणि दोर झाले होते सात.

दोरवाल्याच्या घरात कामाची माणसं तीन. चाक फिरवायला तो, वाख, म्हणजे दोराचे तंतू, विंचरायला त्याची थोरली बहीण आणि पेड काढायला त्याची बायको. बहीण विधवा होऊन भावाकडे राहायला आली त्याला आता जमाना झाला. दिवसभर खिळ्यांच्या फळीपुढं बसून ती वाखाचे झुपके ओढून ओढून सरळ करायची आणि तोंडानं गावातली माणसं विंचरून काढायची. दोरवाल्याची बायको तिला वन्सं म्हणे.

पेड काढायचं काम सांगायला सोपं आहे. विंचरलेल्या वाखाचा भारा कमरेला गुंडाळायचा, त्यातली चिमूट काढून चाकाच्या आकड्यात अडकवायची आणि उलटं चालू लागायचं. पलीकडे नवरा चाक फिरवतो, पीळ चढत येतो, आपण बोटांतून वाख सोडत मागं मागं सरकत जायचं. घरामागं त्यासाठी ऐंशी पावलांचा सरळ पट्टा होता. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला दगडी खांब. खांबाला पाठ टेकली की एक पेड पुरा झाला. असे पेड एकमेकांत वळले की दोर होतो.

सव्वीस वर्षं दोरवाल्याची बायको अशी उलटी चालत होती. नवी नवरी असताना चार वेळा खांबावर डोकं आपटलं, पाचव्या वेळेपासून टाचांनाच रस्ता पाठ झाला. त्या दिवसांत नवरा चाकावरून ओरडायचा, "दिवसातून चाळीस वेळा बायको मला सोडून जाते बघा!" आणि ती खांबापाशी पोचून हसायची. ऐंशी पावलांवरून धड बोलता येत नाही, पण दोघांच्या मधे ताणलेला पेड असायचा. तिला शिंक आली तरी त्याला हातात कळायचं. तिला ते दिवस फार आठवत. वय परत मिळावं असली हाव तिला नव्हती. एकदा, फक्त एकदा, चाकापासून खांबापर्यंत एका दमात जावं आणि खांबाला पाठ टेकून पोटभर श्वास घ्यावा, एवढंच तिला वाटायचं.

कारण दीड वर्षापासून तिसाव्या पावलाला काहीतरी व्हायचं. पाठीत, खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मधोमध, कुणी मूठ दाबून धरल्यासारखं दाटायचं. मग ते डाव्या जबड्यात चढायचं, दाढ दुखावी तसं. श्वास गळ्यापर्यंत यायचा आणि तिथूनच परत फिरायचा. ती डोळे मिटून थांबायची. चारपाच श्वास गेले की मूठ सुटायची आणि ती पुन्हा चालू लागायची. दुसऱ्यांदा ते लवकर यायचं, तिसऱ्यांदा त्याहून लवकर.

तिच्या नवऱ्याच्याही छातीत दुखलं होतं, मागच्या थंडीत. त्याची गोष्ट सगळ्या गावाला तोंडपाठ आहे, कारण त्यानंच ती शंभरदा सांगितली. दवाखान्याच्या दारात त्यानं नुसता छातीवर हात ठेवला, तर कंपाउंडर खुर्ची पाडून धावला. उताणं निजवलं. अंगाला वायरी लावल्या, मशीनमधून कागदाची पट्टी निघाली, डॉक्टरनं ती तीनदा वाचली. जिभेखाली गोळी, दंडात सुई, चार तास उठू दिलं नाही. मग मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी. तिथं दोन दिवस ठेवून निदान झालं, गॅस. तेव्हापासून दवाखान्यात त्याला ‘छातीवाले’ म्हणतात आणि तो ते मानानं मिरवतो.

गॅस निघाला तेव्हा ती देवाचे आभार मानत रडली. पण त्या चार तासांत पायथ्याशी बसून तिनं सगळं पाहिलं होतं. डॉक्टर त्याला विचारत होता, कधी सुरू झालं, कुठून कुठं गेलं, काय केल्यावर वाढतं, काय केल्यावर थांबतं. किती बारीक, किती सावकाश. तिला वाटलं, हे असं मला कुणी विचारलं तर. लगेच तिला स्वतःची लाज वाटली. नवरा निजलाय आणि आपण हे काय मनात आणतोय?

दोन महिन्यांनी ती एकटीच दवाखान्यात गेली होती. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. पहिलं वाक्य होतं, "चालताना तिसाव्या पावलाला पाठीत दाटतं." त्यातलं ‘चालताना’ एवढंच झालं.

"वय?" डॉक्टरनं विचारलं.

"सत्तेचाळीस."

"पाळी?"

"बंद झाली. दोन वर्षं..."

"मग हे होणारच. बायकांना या वयात होतं. धाप लागते, घाम येतो, जीव घाबरतो." त्यानं कार्डावर एक ओळ लिहिली. "रक्त कमी दिसतंय. या लाल गोळ्या घ्या, जेवणानंतर."

मशीन त्याच्या मागेच होतं, पांढरं फडकं पांघरून. ती फडक्याकडे पाहत उठली. लाल गोळ्या तिनं इमानेइतबारे खाल्ल्या. पोट बिघडलं, तिसावं पाऊल होतं तिथंच राहिलं.

तिनं त्या वाक्याचा नाद सोडला नाही मात्र. चुलीपुढं, कपडे धुताना, कमरेला भारा बांधताना ती ते मनात म्हणून बघायची. त्याला मागचंपुढचं जोडायची. पहिल्यांदा झालं तो दिवस, त्या दिवशी किती ओझं उचललं होतं, रात्री झोपेत काय व्हायचं. कुणी विचारलंच तर गडबड नको. कुणी विचारत नव्हतं.

आता सुगीच्या तोंडावर ते वाढलं. एका सकाळी पाण्याची घागर उचलताना जबडा असा धरला की घागर हातातून सुटली. वन्संनी हातातला झुपका खाली ठेवला.

"चल," त्या म्हणाल्या. "आज मी येते. बघते कसा ऐकत नाही तो."

वाटेत ती पाच वेळा थांबली. वन्सं प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त काढायच्या, चपलेत खडा गेला, कुणाचं तरी कुंपण बघू. दवाखान्यात दोघी बाकावर दीड तास बसल्या. आत गेल्यावर वन्संनीच तोंड उघडलं. "हिला चालवत नाही हो. थांबत थांबत येते."

डॉक्टरनं जुनं कार्ड पाहिलं. "गोळ्या घेतल्या? सगळ्या?"

"सगळ्या," ती म्हणाली. "पण मला, चालताना..."

"घरी काही कटकट? ताण? सासूबाईंचा त्रास वगैरे?"

"सासू जाऊन अकरा वर्षं झाली," वन्सं म्हणाल्या. "तिथून त्रास देत असेल तर पत्ता द्या, मी आईशी बोलून घेते."

डॉक्टर हसला. वाईट माणूस नव्हता तो. बाहेर चाळीस माणसं होती आणि आत तो एकटा. त्यानं तिच्या मनगटाला दोन बोटं लावली, काढली, आणि कार्डावर आणखी एक ओळ लिहिली. "बायकांचं अर्धं दुखणं मनाचं असतं. झोप लागायला गोळी देतो. मन शांत ठेवा. मुलगी आहे ना लग्न झालेली? जरा तिच्याकडे जाऊन या."

बाहेर आल्यावर वन्संनी त्याच्या सात पिढ्या विंचरल्या. तिच्या मनात वेगळंच चाललं होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "खरंच माझ्या मनाचं असेल का हो?"

"मला काय विचारतेस? तुझं अंग, तुला माहीत."

"पण पेड तर साफ आहे."

ही गोष्ट दोर वळणाऱ्यांनाच कळेल, म्हणून सांगितली पाहिजे. पेड काढणारी चालता चालता थांबली आणि चाक फिरतच राहिलं, तर पीळ बोटांपर्यंत धावत येतो, कमरेच्या वाखात शिरतो आणि तिथं गाठ धरतो. नव्या हाताच्या पेडात अशा गाठीच गाठी असतात. बोटं फिरवली की कळतं, बाई कुठं अडखळली, कुठं इकडंतिकडं बघत राहिली. तिच्या पेडात गेल्या दीड वर्षात एक गाठ नव्हती. ती रोज संध्याकाळी बोटं फिरवून बघायची. आपण थांबतो असं आपल्याला वाटतं, आणि पेड म्हणतो नाही. डॉक्टर एक वेळ चुकेल, पेड कसा चुकेल? म्हणजे कामावर असताना आपण खरं थांबतच नसू. म्हणजे मनाचंच.

घरी येऊन तिनं झोपेची गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी जड डोक्यानं भारा बांधला.

चार दिवसांनी वाख संपत आला. ओढ्याच्या डोहात भिजत घातलेला नवा वाख काढून आणायला दोरवाला पहाटेच गेला. त्याला यायला संध्याकाळ होणार होती, आणि एक गाडीवाला तर दारात ठाण मांडून बसायचाच बाकी होता. तेव्हा वन्सं म्हणाल्या, "चाक मी फिरवते. तरुणपणी बापाचं चाक मीच फिरवायची, हा तर तेव्हा नाक पुसत हिंडायचा."

त्यांनी पदर खोचला आणि चाक धरलं. एकसारखं, घड्याळासारखं. ती मागं सरकू लागली. तिसाव्या पावलाला मूठ दाबली गेली. ती थांबली, आणि बोटांत काहीतरी वळवळलं. पीळ येऊन वाखात घुसला, झुपका गोळा झाला. तिला वाटलं, वन्संचा हात सवयीचा नाही. चार श्वास घेऊन ती पुढं निघाली. पुन्हा तसंच झालं. खांबाला पाठ टेकली तेव्हा पेडात पाच गाठी होत्या.

"वन्सं, चाक नीट नाही फिरलं," ती चाकापाशी येऊन म्हणाली.

वन्संचा चेहराच उतरला. "माझं? मी एक फेरा कमी नाही केला की जास्त नाही. गाठ चाकवाल्याची नसते, गाठ चालणारीची असते. थांबलीस तू."

"मी थांबले, पण..."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग वन्सं हळूच म्हणाल्या, "अगं, मग एरवी का बसत नाहीत?"

ती खाली बसली आणि त्या पाच गाठींवरून अंगठा फिरवत राहिली. दुपारचं जेवण तसंच झाकून राहिलं.

संध्याकाळी दोरवाला ओल्या वाखाच्या दोन मोळ्या पाठीवर घेऊन आला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला डोहाचा कुबट वास. मोळ्या उतरवल्या आणि चाकाशेजारी पडलेला पेड त्याला दिसला. उचलून बोटं फिरवली. कुणी काही सांगायच्या आधी त्याला सगळं कळलेलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही चाकावर काय करता?"

तो ओल्या हातांकडे बघत उभा राहिला. "थांबवतो."

"काय?"

"चाक थांबवतो. तू थांबलीस की हातात कळतं ना, पेड मेल्यासारखा होतो. मग मी थांबतो. तू निघालीस की निघतो."

"कधीपासून?"

"झालं की. गेल्या पावसाच्याही आधी."

"आणि मला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुझ्या हातचा पेड म्हणजे... गाठी दिसल्या असत्या तर तू खचली असतीस. म्हणाली असतीस, हात गेला माझा. मला वाटलं, मी आहे ना. मी सांभाळून घेतोय."

ती अशी चिडली की सव्वीस वर्षांत तो पहिल्यांदा एक पाऊल मागं सरला.

"सांभाळून? अहो, मी रोज संध्याकाळी पेड चाचपत होते! त्या डॉक्टरनं मला खोटं ठरवलं, तो परका आहे, त्याला मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण पेड म्हणाला तुला काही नाही, तेव्हा मी मान्य केलं. दीड वर्ष मी स्वतःला येडी समजले. आणि तुम्हाला माहीत होतं! माझ्याशिवाय जगात एका माणसाला माहीत होतं, की पट्ट्यावर मी खरंच थांबते!"

बोलता बोलता तिचा हात जबड्याकडे गेला. वन्संनी तिला धरून ओट्यावर बसवलं. दोरवाला तिथंच चिखलाच्या पायांनी उकिडवा बसला. बराच वेळ तिचा श्वास जाग्यावर येईना, आणि तो त्या श्वासाबरोबर मान हलवत राहिला, मोजत असल्यासारखा.

"मला कळतं किती वेळ थांबतेस ते," तो खाली मान घालून म्हणाला. "आधी चाकाच्या तीन फेऱ्यांएवढी थांबायचीस. आता नऊ फेरे होतात. मला फार भीती वाटते गं."

इतक्या दिवसांत तिला कुणी असं काही म्हणालं नव्हतं. तिचा राग गेला नाही, पण त्याच्या मागं दुसरं काहीतरी येऊन उभं राहिलं. त्याचा चिखलाचा हात घ्यावा असं तिला वाटलं. घेतला नाही.

"उद्या चाक थांबवायचं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी थांबले तरी फिरवायचं. एक पेड काढू, जसा निघेल तसा. तो घेऊन दवाखान्यात जाऊ. माझं बोलणं तो ऐकत नाही. पेड तरी बघेल."

दोरवाला चुळबुळला. आपल्या हातानं मुद्दाम वाईट पेड काढायचा, आणि वर तो भर गावात दाखवायचा? त्यानं बहिणीकडे पाहिलं. "माझ्याकडे बघू नकोस," वन्सं म्हणाल्या. "तुझं साफ काम पुष्कळ झालं."

सकाळी ऊन पट्ट्यावर आलं आणि त्यांनी पेड लावला. ती निघाली. तीस पावलं हलकी गेली. मग मूठ दाबली आणि ती थांबली. पलीकडे त्याचा हात अडखळला, पण चाक फिरत राहिलं. बोटांत पीळ शिरला, गाठ धरली. एरवीसारखे डोळे न मिटता ती त्याच्याकडे पाहत होती. उलटं चालणारीला नवऱ्याचं तोंड सतत दिसतं, हे या कामात आहे. त्यानं मान फिरवली होती, खांदा चाकाकडे आणि तोंड कुंपणाकडे. पण चाक फिरत होतं. पुढं वीस पावलांवर दुसरी गाठ बसली, मग बारा, मग आठ, मग पाच. खांबाला पाठ लागली तेव्हा ती बसत बसत खाली आली. तो चाक सोडून ऐंशी पावलं धावत आला. तिला उठवायचं सोडून आधी तो तिच्या पाठीवरच हात फिरवत बसला, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध. जागा त्याला कुणी सांगितली नव्हती.

थोडं बरं वाटल्यावर त्यानं पेडाचं वेटोळं करून खांद्यावर टाकलं. शेजारच्याच्या गाडीतून ते दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले. फाटकातून बाकापर्यंत चालायला लागलंच.

बाकावर तोच घाईचा गाडीवाला बसला होता, पाय सुजला म्हणून. त्यानं वेटोळं पाहिलं, हात लांब करून चाचपलं आणि मोठ्यानं हसला. "दोरवाले, हे काय? माझ्या दोराला असला पेड घालणार? कुणा शिकाऊ पोराचा हात हा?"

आजूबाजूची माणसं बघू लागली. तिनं मान खाली घातली. दोरवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझा हात," तो म्हणाला. "आतापर्यंत लपवून वळत होतो. आता हा खरा."

गाडीवाल्याला काही उमगलं नाही. तेवढ्यात आतून कंपाउंडर डोकावला आणि दोरवाल्याला पाहताच त्याचा चेहरा बदलला. "छातीवाले! पुन्हा दुखतंय? अहो, मग रांगेत काय बसलात?" त्यानं दंड धरून त्याला आत ओढला. ती मागोमाग गेली. डॉक्टर उठून उभा राहिला, फडकं बाजूला झालं, आणि दोरवाल्याला तोंड उघडायच्या आत टेबलावर उताणं पाडून त्याच्या सदऱ्याची तीन बटणं काढूनही झाली.

"घाम? डावा हात जड वाटतो?" डॉक्टर विचारत होता.

ती दाराशी उभी होती. हेच प्रश्न, हेच.

दोरवाला कंपाउंडरचा हात झटकून उठला. "मी नाही! मला काही झालेलं नाही. ही!"

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची घाई ओसरली. तो खुर्चीवर परत बसला. "यांना परवाच तपासलंय मी. झोपेच्या गोळ्या चालू आहेत ना?"

दोरवाल्यानं उघड्या सदऱ्यानं पेड टेबलावर टाकला. कार्डं, पेन, रबरी नळी, सगळ्यांवर ते वेटोळं पसरलं.

"हे काय आहे?"

"पेड. ही चालते, मी फिरवतो. हिचा पाय थांबला की गाठ बसते. बघा." त्यानं आकड्याकडचं टोक डॉक्टरच्या हातात दिलं. "इथून निघाली. तीस पावलं. ही पहिली गाठ. मग वीस, ही दुसरी. मग बारा. आठ. पाच."

डॉक्टरच्या कपाळावर आठी आली होती, पण बोटं आपोआप पेडावरून सरकली. पहिली गाठ लागली. दुसरी लागली. तिसरीपाशी आठी गेली. त्यानं पेड पुन्हा पहिल्यापासून हातातून ओढला, सावकाश, आणि शेवटच्या तीन गाठींवर थांबला.

"प्रत्येक वेळी असंच? याच क्रमानं?"

"रोज," दोरवाला म्हणाला.

"थांबल्यावर आपोआप जातं?"

"जातं. आधी तीन फेऱ्यांत जायचं, आता नऊ लागतात."

डॉक्टरनं तिचं कार्ड ओढून घेतलं. आपल्याच अक्षरातल्या दोन ओळी वाचल्या. मग कार्ड पालथं ठेवलं आणि पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "बाई, या व्हरांड्यात दोन फेऱ्या माराल? दुखायला लागलं की लगेच थांबायचं."

"सरळ की उलटं?" तिनं विचारलं.

कंपाउंडर हसला. डॉक्टर हसला नाही. "सरळ," तो म्हणाला.

दुसरी फेरी पुरी झालीच नाही. तिला धरून आणून टेबलावर निजवलं. वायरी गार होत्या. छताला ओल आली होती, आणि मशीन बारीक आवाज करत होतं. कागदाची पट्टी निघत गेली. डॉक्टरनं ती खिडकीकडे धरून वाचली, पुन्हा वाचली. मग सगळं भराभर झालं. एक गोळी चघळायला, एक जिभेखाली, आणि कंपाउंडर फोनवर मोठ्यानं ओरडू लागला, गाडी, आत्ताच्या आत्ता, हो, हृदयाचं आहे.

हळूहळू मूठ सुटली. श्वास गळ्यातून खाली उतरला. पुरता तळाला नाही, पण बराच.

"आजच्या आज मोठ्या इस्पितळात," डॉक्टर दोरवाल्याला सांगत होता. "हृदयाला रक्त पुरत नाहीये. हे बरेच दिवसांचं आहे. मला तिथल्या डॉक्टरांना सगळं लिहून द्यावं लागेल." त्यानं कोरा कागद घेतला, खुर्ची दोरवाल्याच्या समोर ओढली आणि पेन उघडलं. "हां, सांगा. यांना हे कधीपासून होतंय? पहिल्यांदा काय झालं?"

दोरवाल्यानं तोंड उघडलं. त्याला माहीत होतं. फेऱ्यांत मोजून माहीत होतं. मग त्यानं बटणं लावायला घेतली.

"तिला विचारा," तो म्हणाला.

डॉक्टरनं टेबलाकडे पाहिलं. मग उठला, खुर्ची उचलून तिच्या उशाशी आणून ठेवली आणि कागद मांडीवर घेतला.

इतके महिने तिनं ते वाक्य सांभाळलं होतं. आता ते घेऊन ती पडली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. तिनं पुसलं नाही, कारण हाताला वायरी होत्या.

"गाडी यायला किती वेळ आहे?" तिनं विचारलं.

"वीस मिनिटं."

"पुष्कळ झाली," ती म्हणाली. "नीट बसा. मी पहिल्या दिवसापासून सांगते, मधेच बोलू नका."